सुतकातला बँडबाजा

इन्स्पेक्टरनं औषधांच्या दुकानाचं मागचं दार ढकललं. आत काळोख होता. फळीवरची एक बाटली हलल्यासारखी वाटली, इन्स्पेक्टरनं श्वास रोखला, आणि रादोयकाच्या घरात एकदम तुताऱ्या, ढोल, झांजा दणाणल्या. कपडे धुवायच्या पावडरची जाहिरात! बायका दोरीवर चादरी वाळत घालता घालता नाचत होत्या आणि त्यांच्यामागे अख्खा बँड उभा होता.

रादोयका रिमोटसाठी धडपडली. रिमोट मांडीवरच्या लोकरीच्या गुंड्याखाली, चष्मा कपाळावर. दोन्ही जागेवर येईपर्यंत चादरी वाळूनही झाल्या होत्या.

अंगणापलीकडची खिडकी उघडली.

"सूनबाई!"

झालं. आता ऐकून घेणं आलं.

कोसारा ही तिची थोरली नणंद. एकाच अंगणात समोरासमोर दोन घरं, मध्ये एक सायीच्या रंगाचा पंप आणि प्लमचं झाड. रादोयका लग्न होऊन या अंगणात आली तेव्हा कोसारानं तिला जी 'सूनबाई' म्हणायला सुरुवात केली, ती रादोयकाला जावई आला तरी सुटली नव्हती. कोसारा उंच, ताठ, आणि कुणाचं काय चुकलं हे त्या माणसाआधी हिला कळायचं. भाऊ, म्हणजे रादोयकाचा नवरा तोझा, गेल्यापासून डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात होती. फाटकावर काळं फडकं, त्याखाली तोझाच्या फोटोचा कागद, तोही तिनंच चिकटवलेला, पाऊस लागू नये म्हणून वर प्लास्टिक लावून.

"माझ्या भावाची माती अजून ओली आहे," खिडकीतून कोसारा म्हणाली, "आणि तुझ्याकडे कुणाचं लग्न निघालंय?"

"जाहिरात होती, वन्सं."

"कसली?"

"कपड्यांच्या पावडरची."

"पावडरीला बँड लागतो?"

 रादोयका स्वतःही मनात तेच विचारत होती.

आमच्या पिरोत गावात सुतकाच्या घरी गाणंबजावणं चालत नाही. बातम्या चालतात, आवाज बेताचा असला तर बोलण्याचा एखादा कार्यक्रमही हल्ली लोक खपवून घेतात. संगीत मात्र नाही. आणि संगीत घरातलं आहे की जाहिरातीतलं, हे गल्लीतून जाणाऱ्या माणसाला कसं कळणार? त्याला एवढंच कळतं, की तोझाच्या बायकोकडे तुताऱ्या वाजतायत.

मग टीव्ही बंदच का ठेवू नये? ठेवला असता. पण रादोयकाचा इलाज नव्हता.

तोझा टायरच्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झाला, आणि निवृत्त झाल्यावर त्याला खुनांचा नाद लागला. म्हणजे मालिकांतल्या. दुपारचं जेवण झालं, की दोघं कोचावर बसायची, रादोयका विणायची आणि तोझा खुनी शोधायचा. ही शेवटची मालिका डॅन्यूबकाठच्या एका गावातली. एका नावाड्याचा खून होतो आणि गावात प्रत्येकाला काही ना काही लपवायचं असतं. ती साध्या चॅनलवर नव्हती, इंटरनेटवरच्या टीव्हीवर होती. तिथे महिन्याची वर्गणी भरली तर सलग दिसायची, नाही भरली तर फुकट, पण जाहिरातींसकट.

तोझा पिरोतचा. आमच्या कंजूषपणाचे विनोद सगळ्या सर्बियात सांगतात, आणि आम्हीच ते सगळ्यात जास्त सांगतो, कारण विनोदाला पैसे पडत नाहीत. तोझा म्हणायचा, "आधी हे मध्ये येऊन त्रास देणार, आणि मग त्रास देऊ नका म्हणून मीच यांना पैसे द्यायचे? हिला खंडणी म्हणतात, रादो. वर्गणी नाही." जाहिरात लागली, की तो तिच्याशी भांडायचा. कर्ज देणाऱ्या बँकेला म्हणायचा, "तुला कोण देतं गं?" केस दाट करणाऱ्या तेलाला स्वतःचं टक्कल दाखवायचा. भांडून भांडून त्याला भूक लागायची, मग तो उठून सॉसेजचे चार काप आणायचा, तोवर मालिका सुरू झालेली असायची, आणि मग, "काय झालं? काय झालं? कोण आलं दारात?"

खुनी औषधवालाच, हे त्यानं पहिल्या भागातच ठरवून टाकलं होतं. कारण काय, तर तो माणूस कुणाच्या घरी गेला की ताटाला हात लावत नाही.

शेवटचे काही भाग उरले होते आणि तोझाला दवाखान्यात न्यावं लागलं. आधी त्यानं बजावलं, "माझ्याशिवाय पुढचं बघायचं नाही." रादोयकानं कबूल केलं. मग एका सकाळी तिचा हात धरून म्हणाला, "नाही, तू बघ. आणि मला येऊन सांग." त्यानंतर तो फारसा बोलला नाही.

माणूस गेल्यावर चाळिसाव्यापर्यंत जवळपासच असतो, असं आम्ही मानतो. घरात, अंगणात, आपल्या नेहमीच्या वाटेवर. चाळिसाव्याला कबरीवर मेणबत्त्या लावतात, गोड गहू वाटतात, जमिनीवर थोडी राकिया, म्हणजे फळांची दारू, ओततात, आणि मग तो जातो. एकदा गेल्यावर त्याला काय सांगायचं आणि कसं? सांगायचं ते चाळिसाव्याला, कबरीपाशी. त्याच्या आत शेवट बघून व्हायला हवा. पहिले दिवस माणसांच्या येण्याजाण्यातच संपले, आणि आता चाळिसावं येत्या शनिवारी होतं.

रादोयकानं सगळं करून पाहिलं. आवाज अगदी बारीक केला, तर इन्स्पेक्टर काय पुटपुटतो ते ऐकू येईना, आणि जाहिरात मात्र तेवढ्याच आवाजात खणखणीत. तो कसला न्याय? टीव्हीवर गालिचा टाकला, चांगला आईच्या हातचा जाड पिरोती गालिचा, तर चित्रही झाकलं गेलं. रिमोट हातात घट्ट धरून बसली, तर विणणं थांबलं, विणणं थांबलं की डोळा लागला, आणि डोळा उघडला तो एका मोबाइल कंपनीच्या लग्नात. नवरानवरी, वऱ्हाड, सगळे हात धरून कोलो नाचतायत.

"सूनबाई!"

शेवटी तिनं मुलीला फोन केला. नेवेना ऑस्ट्रियात, ग्रात्सला एका दवाखान्यात नोकरीला होती.

"आई, मी कधीची म्हणतेय, वर्गणी भरून टाकते म्हणून. बाबांमुळे गप्प बसले होते."

"तुझे बाबा कबरीतून उठून येतील."

"मग त्यांनाच विचारू ना, खुनी कोण ते."

"नेवेना!"

"बरं बरं. भरते. उद्या बघ, एकही तुतारी वाजणार नाही."

दुसऱ्या दिवशी रादोयकानं निवांतपणे जेवण आवरलं. चष्मा डोळ्यांवर, रिमोट टेबलावर, लोकर मांडीवर. नाव नदीत उलटी तरंगत होती. पोस्टमन काठावर उभा राहून टोपी काढत होता. रादोयकाला तोझाची इतकी आठवण आली, की तिनं रिकाम्या बाजूकडे पाहून म्हटलं, "बघ, कसं सलग चाललंय."

आणि तुताऱ्या वाजल्या. तोच बँड, त्याच चादरी. आधी वर एक ओळ येऊन गेली, सभासद झाल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.

"पैसे भरलेस की नाही?" तिनं फोनवर ओरडूनच विचारलं.

"भरले, आई."

"मग या बायका माझ्या घरात काय करतायत?"

ग्रात्समधून खाकरल्याचा आवाज आला. "आई, त्यात दोन प्रकार होते. एक पूर्ण बिनजाहिरातींचा. आणि एक, म्हणजे, थोड्याशाच जाहिरातींचा."

"आणि तू?"

"अर्ध्या पैशात होता गं!"

रादोयका मटकन कोचावर बसली. मुलगी परदेशात जाऊन इतकी वर्षं झाली, जर्मनमध्ये स्वप्नं पाहते म्हणते, आणि दोन किमती समोर दिसल्या की बोट बरोबर खालच्या किमतीवर. "बापाचीच आहेस," ती म्हणाली. रागावून म्हणाली खरी, पण मग तिला फोन ठेववेना.

"महागडा घेते ना आत्ता," नेवेना म्हणाली. पण तो पुढच्या महिन्यापासूनच लागू होणार होता. पुढच्या महिन्यात तोझा नसणार होता.

या वेळी कोसारानं खिडकीतून हाक मारली नाही. ती स्वतःच आली, काळा रुमाल सारखा करत, आणि दारातच उभी राहिली.

"शेजारची लेपोसावा मला दुकानात विचारत होती, तुमच्याकडे कसला कार्यक्रम आहे म्हणून. माझी मान खाली गेली. एवढं काय अडलंय गं तुझं त्या खोक्यावाचून? चाळीस दिवस दम निघत नाही?"

"त्यांनीच सांगितलंय," रादोयका म्हणाली. इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला लागलं की हसू येईल लोकांना, असं तिला वाटायचं. "दवाखान्यात. बघ म्हणाले, आणि मला येऊन सांग. शनिवारी जातील ते, वन्सं. अजून शेवटचा भाग राहिलाय. आणि या भागाचाही तुकडा."

कोसारानं आत येऊन दार लावून घेतलं. मग म्हणाली, "मला नाही सांगितलं त्यानं."

"तुम्ही कुठे बघता मालिका?"

"म्हणून काय झालं? बहीण आहे मी." तिनं खुर्ची ओढली. "आण तो रिमोट इकडे."

सुतकातल्या बहिणीनं टीव्ही बघायचा नाही, हे कोसाराचं ठाम मत होतं. म्हणून ती टीव्हीकडे पाठ करून बसली. रादोयकानं "आली!" म्हटलं, की कोसारा रिमोट खांद्यावरून मागे रोखायची, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर, आणि आवाज बंद. तुतारीचा पहिला श्वासही बाहेर पडायचा नाही. रादोयका "गेली" म्हणाली, की आवाज सुरू.

"दार कुणी वाजवलं?" भिंतीकडे पाहत कोसारा विचारायची.

"पोस्टमननं."

"या वेळी कुठला पोस्टमन येतो?"

"बघा ना तुम्हीच."

"मी बघत नाहीये."

पण शुक्रवारी, शेवटच्या भागाला, खुर्ची आल्यापासूनच जरा तिरपी होती. नाव उलटी केल्यावर तळाशी सापडलेली एक पितळी चावी रादोयकानं बोटांनी गोलसर करून सांगितली, तर कोसारा म्हणाली, "अशी नाही, लांबट आहे." 

शेवटी इन्स्पेक्टरनं सगळ्यांना खानावळीत गोळा केलं. औषधवाला, पोस्टमन, गिरणीवाली विधवा, पाद्र्याचा भाऊ. इन्स्पेक्टर म्हणाला, "नावाड्याला मारणारा माणूस या खोलीत आहे, आणि तो..."

"आली!" रादोयका किंचाळली.

कोलो नाचणारं वऱ्हाड मुकं झालं. माणसं पाय उचलत होती, तोंडं उघडत होती, आवाज नाही.

"यांना मधला हाच क्षण सापडतो," कोसारा म्हणाली. "हेच सापडतं मेल्यांना. पैसे घेऊन वर!"

"ते असते तर आत्ता उठले असते सॉसेज आणायला."

"लहानपणीही तसंच. आजी गोष्ट सांगायची, आणि राक्षस यायची वेळ झाली की हा भूक लागली म्हणायचा. भीती वाटायची, म्हणून." कोसारा हसली. "आजीला वाटायचं, पोराचं पोट मोठं आहे. मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही."

रादोयकानं विणकाम खाली ठेवलं. इतक्या वर्षांत सॉसेजचं हे कारण तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. "म्हणून नेमके तेव्हाच उठायचे?"

"नाहीतर काय! घोड्याएवढा झाला तरी..."

बोलता बोलता रादोयकाची नजर टीव्हीवर गेली. वऱ्हाड केव्हाच गेलं होतं. खानावळीत सगळे उभे होते, इन्स्पेक्टरचे ओठ हलत होते, आणि खोलीत कसलाच आवाज नव्हता.

"आवाज! वन्सं, आवाज!"

कोसारानं घाईत भलतंच बटण दाबलं. टीव्ही बंद झाला.

त्यानंतर जे झालं ते सांगण्यासारखं नाही. टीव्ही सुरू केला तर तो हवामान दाखवायला लागला. मालिका सापडली तर पहिला भाग. शेवटचा भाग सापडला तर सुरुवातीपासून. पुढे ढकलत ढकलत खानावळीपर्यंत आणला, तर ज्या जाहिराती एकदा बघून झाल्या होत्या त्या सगळ्या पुन्हा बघणं भाग होतं, पावडर, बँक, केसांचं तेल, वऱ्हाड, एकेक करून. कोसारा आता टीव्हीसमोर उभी होती, रिमोट तलवारीसारखा रोखून, आणि आयुष्यात कुणी तिच्या तोंडून ऐकले नसतील असे शब्द त्या मुक्या नवरीला ऐकवत होती. बँकेला ती म्हणाली, "तुला कोण देतं गं?"

रादोयकानं तिच्याकडे पाहिलं. हे कोसाराला कुणी शिकवलं नव्हतं.

मग इन्स्पेक्टर बोलला, आणि दोघींनी ऐकलं.

शनिवारी कबरीवर वारा होता. मेणबत्त्या विझत होत्या, लेपोसावा पुन्हा पुन्हा लावत होती. पाद्री प्रार्थना म्हणून गेला. गोड गव्हाचा घास प्रत्येकानं घेतला, बाकांवर सॉसेज, चीज, ब्रेड मांडलं गेलं. माणसं तिकडे वळली तेव्हा रादोयका कबरीपाशी गुडघ्यावर बसली. कोसारा तिच्यामागे उभी राहिली, पहाऱ्याला असल्यासारखी.

"ऐक हं तोझा," रादोयका हळू आवाजात म्हणाली. "चावी नावेच्या तळाशी होती. म्हणजे ती कुणीतरी बांधून ठेवली. मग इन्स्पेक्टरनं सगळ्यांना खानावळीत बोलावलं. तुझा औषधवाला कोपऱ्यात बसला होता, समोर ताट होतं, हात लावला नव्हता. आणि इन्स्पेक्टर म्हणाला..."

"रादोयका, माफ कर हं," चुलतदीर वेलिमीर बशी घेऊन वाकला, "मीठ कुठे ठेवलंय म्हणायचं? आणि ती दुसरी बाटली..."

कोसारानं त्याच्या तोंडासमोर तळहात धरला. वेलिमीर अर्ध्या शब्दावर थांबला आणि बशी घेऊन मागे सरकला.

"बोल," कोसारा म्हणाली.

"पोस्टमन होता," रादोयका म्हणाली. "औषधवाल्याचं पोट बिघडलेलं असायचं, एवढंच."

तिनं छोट्या ग्लासातली राकिया मातीवर ओतली. माती लगेच ती पिऊन गेली. मग तिला आठवलं, की अजून एक सांगायचं आहे, नेवेनानं पैसे भरले ते, आणि तिनं तोंड उघडलं.

"ते नको," मागून कोसारा म्हणाली. "ते ऐकलं तर जायचा नाही तो."