पाखरांच्या कुरडया

दिल्लीत मयूर विहारच्या नव्या सोसायटीत आम्ही राहायला आलो, तेव्हा गच्चीवर केबलच्या तारा रोज वाढत होत्या आणि माझा पारा रोज चढत होता. आम्ही नवराबायको दोघंही सरकारी नोकरीत. घरी आई दिवसभर एकटी. तिला हिंदी येत नव्हती, शेजारच्या पंजाबी आजींना मराठी येत नव्हती. तरी दोघी दुपारभर जिन्यात बसून बोलायच्या. काय बोलायच्या, देव जाणे.

त्या मे महिन्यात आईने कुरडयांचा घाट घातला. तीन दिवस गहू भिजवला, वाटून चीक काढला, शिजवला, सोऱ्याने जुन्या साडीवर पाडला. सत्तरीत दंड भरून आले होते तिचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गच्चीवर गेलो, तर साडी रिकामी आणि कठड्यावर सगळा चुरा! दिल्लीत लोक गच्चीवर पाखरांना दाणे टाकतात. शेजारच्या आजींना वाटलं, हाही त्यातलाच प्रकार. त्यांनी कुरडया मोडून पाखरांना घातल्या होत्या.

माझं डोकंच फिरलं. इथे गप्प बसलं की लोक डोक्यावर बसतात, हे माझं तेव्हाचं ठाम मत. हिंदीतली चार कडक वाक्यं जुळवत मी त्यांच्या दाराकडे निघालो. आईने मनगट धरलं.

"ती कौतुकाने सांगायला आली होती. मी खुणेनेच म्हटलं, पाखरांसाठीच होत्या."

"खोटं कशाला बोललीस?"

"अरे, तू भांडशील आणि उद्या ऑफिसला जाशील. मी दुपारी कुणाशी बोलू?"

मला स्वतःची लाज वाटली. मागे फिरलो आणि जेवायला बसलो.

खोटं निभावायचं म्हणून पुढे दर उन्हाळ्यात आई दोन साड्या भरून कुरडया घालायची, एक आमची आणि एक पाखरांची. चिकाचं पातेलं कुरकुरत वर नेण्याचं काम माझं.

आई गेली त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही काहीच केलं नाही. एका सकाळी बेल वाजली. दारात शेजारच्या आजी, हातात भिजवलेल्या गव्हाचं पातेलं.

"तीन दिन से भिगो रही हूँ, बेटा. पानी भी रोज़ बदला. बहनजी की चिड़ियाँ आकर लौट जाती हैं. अब आगे क्या करना है?"

याच बाईशी मी भांडायला निघालो होतो. पातेलं हातात घेतलं आणि त्यांच्यासमोर, दारातच, मी रडलो.