चिटणिसाकडे राहिलेलं पत्र

वाशीच्या मराठी ख्रिस्ती मंडळीला तेव्हा स्वतःचं देऊळ नव्हतं. शाळेच्या एका वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून चाळीसेक माणसं दर रविवारी उपासनेला बसत. जयप्रकाश भिंगारदिवे मंडळीचा चिटणीस. मूळचा नगरकडचा, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. नट-बोल्टांच्या खणांवर चिठ्ठ्या चिकटवायची सवय त्याने देवाच्या कामातही आणली होती.

तुर्भ्याच्या दगडखाणीत खडी फोडायला तेलंगणातून आलेल्या लोकांना मदत करायची, ही कल्पना त्याचीच. उपासना संपली की वर्गाबाहेर टेबल लागे. जयप्रकाश रेशनकार्डाचे अर्ज भरून देई, त्याची बायको अरुणा दूध पावडर वाटत असे, पोरांच्या खरजेला मलम लावी. लोक गावाकडचे दाखले आणत. सगळे तेलुगूत. त्याला एक अक्षर कळत नसे. तो टाचणीने ते अर्जामागे जोडी आणि फाईल बंद करी. पाळकसाहेब प्रभुभोजनाची उपासना चालवायला महिन्यातून एकदा मुंबईहून येत. ते म्हणत, "भिंगारदिवे, तुमच्यामुळे ही मंडळी नुसती गाणी म्हणत बसत नाही." तो मान खाली घालून हसे. ते वाक्य मात्र त्याला आठवडाभर पुरे.

करुणम्मा त्याच लोकांतली. पस्तिशीची, हातांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेली. पण ती उपासना संपल्यावर येत नसे, सुरू व्हायच्या आधी येई आणि मागे सतरंजीवर बसे. जयप्रकाशला त्याचं कौतुक वाटे. हिला ओढ लागलीय, असं तो घरी सांगे. लहान मुलीशी बोलावं तसं सावकाश, एकेक शब्द तोडून, तो तिला प्रार्थना म्हणजे काय ते समजावी. ती ऐकून घेई.

एका प्रभुभोजनाच्या रविवारी येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचं भाकरीचं ताट फिरत असताना ती सतरंजीवरून उठली आणि पुढे आली. जयप्रकाशने तळहात आडवा धरला.

"बाई, हे तुमच्यासाठी नाही. बसा. पावडर नंतर मिळेल."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. ती बसली. त्यानंतर परत कधी उठली नाही.

"तुम्ही तिला कुत्र्यासारखं हाड केलंत," अरुणा घरी म्हणाली.

"नियम आहे. आपण आलो तेव्हा आपलंही पत्र आधी वाचलंच ना?"

तसा नियम होताच. नव्या गावी गेलेल्या माणसाने जुन्या मंडळीचं पत्र आणायचं, चिटणिसाने ते उपासनेत उभं राहून वाचायचं, मगच त्याने प्रभूच्या मेजाशी यायचं. 

एक्याऐंशीच्या ऑगस्टात रेशनच्या कचेरीतून अर्जांचा गठ्ठा परत आला. दाखल्यांचं मराठी करून आणा, म्हणाले. कारखान्यात श्यामसुंदर येमूल नावाचा फिटर होता, सोलापूरचा पद्मशाली, घरात तेलुगू. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या बाकावर तो एकेक कागद वाचून सांगू लागला. हा सरपंचाचा, हा तलाठ्याचा, हा शाळेचा. मग एक कागद त्याने परत पहिल्यापासून वाचला आणि हसायला लागला.

"काय बे भिंगारदिवे, हे तर तुझ्याच लोकांचं आहे की! रेशनच्या ऑफिसात कशाला पाठवलास?"

"कसलं?"

"चर्चचं पत्र. करुणम्मा म्हणून बाई आहे, आमच्या मंडळीची सभासद आहे म्हणतात. अकरा वर्षं बायकांचा बायबलचा वर्ग घेत होती. चांगली बाई आहे, आपल्यात घ्या, असं लिहिलंय. तारीख मागल्या वर्षीची, जून."

जयप्रकाशने कागद घेतला. खाली गोल शिक्का होता, शाई फुटलेली. मागच्या वर्षी तिने हा कागद दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला होता, हे त्याला आठवलं. त्याने तिच्याकडे न पाहताच टाचणी मारली होती. चौदा महिने. चौदा वेळा ताट तिच्या अलीकडून वळलं होतं. आणि अकरा वर्षं वर्ग घेणाऱ्या बाईला तो प्रार्थना शिकवत होता.

"डबा खा की," येमूल म्हणाला. जयप्रकाशने डब्याचं झाकण लावलं.

शनिवारी तो खाणीवर गेला. ती खडीच्या ढिगाशी बसली होती. तिने उठून पदर सारखा केला.

"पत्र... आपका पत्र कल पढ़ेंगे," तो म्हणाला. पुढचं सगळं रस्ताभर जुळवलं होतं, तरी तोंडातून निघेना.

करुणम्माचा चेहरा उजळला. "हमको मालूम था, साब. इधर एक साल देखते, आदमी कैसा है. हमने मरद को बोला, परीक्षा है, गुस्सा नहीं करने का." मग तिने हळूच विचारलं, "पास हुआ ना मैं?"

"हुआ," जयप्रकाश म्हणाला.

परतीच्या वाटेवर त्याने स्वतःला शिव्या घातल्या. पण मागे फिरला नाही.

रविवारी, प्रभुभोजनाआधी, येमूलने करून दिलेला तर्जुमा त्याने उभं राहून वाचला. तारीख गाळली. कोणी विचारलं नाही. पाळकसाहेबांनी करुणम्माला पुढे बोलावलं, बायकांनी तिला आपल्या बाकावर जागा करून दिली. जयप्रकाशने ताट तिच्यापुढे धरलं. चिंध्या सोडून, धुऊन आलेल्या बोटांनी तिने तुकडा उचलला. चिटणीस स्वतः आधी घेई, मग ताट फिरवी. खोटं बोललेल्या तोंडाने आज त्याने तो घेतला नव्हता. ते फक्त तिने पाहिलं.

"साब, तुमने नहीं लिया?"

वर्ग घेणाऱ्या बाईचा आवाज होता तो, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. माना वळल्या. पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पत्र चौदा महिने माझ्याकडे होतं," जयप्रकाश म्हणाला. "मी ते रेशनच्या फाईलीत लावलं. बघितलंच नाही. परीक्षा वगैरे काही नव्हती. मी काल हिच्याशी खोटं बोललो."

करुणम्माला मराठी सगळं कळलं नाही. तिने शेजारी पाहिलं. अरुणाने तिच्या कानाशी लागून हिंदीत सांगितलं, अर्धं सांगून थांबली, मग उरलेलंही सांगितलं.

तुकडा अजून तिच्या हातात होता. तिने तो तोंडात घातला, चावला, गिळला. मग जयप्रकाशकडे पाहिलं. तळहात आडवा धरला त्या दिवशीही तिच्या डोळ्यांत असं काही नव्हतं. परीक्षा म्हणून जे सोसलं, ते तिने चौदा महिने जपून ठेवलं असणार. आता ते नुसतं एका माणसाचं दुर्लक्ष होतं, बाकी काही नाही.

ती उठली. दारात चपला घातल्या आणि मैदानातून सरळ चालू लागली.

"जा ना," अरुणा दात आवळून म्हणाली. "जा तिच्या मागं."

पण ताट त्याच्या हातात होतं आणि तीन बाकं राहिली होती. लोक वाट पाहत होते. जयप्रकाश पुढच्या बाकाकडे गेला.