धार काढलेला हात

फेब्रुवारी सरत आला तरी झ्लातार डोंगराची पाठ पांढरीच होती. रात्रीतून पडलेलं बर्फ दाराशी गुडघाभर साचलं होतं. वुकोमान फावड्यानं वाट मोकळी करत होता, मधूनच मिशीतलं बर्फ झटकत होता आणि आभाळाला शिव्या घालत होता. त्याची बायको स्तामेंका गोठ्यात होती. नऊ गाई, आणि धारा हातानंच. यंत्र आणलं होतं एकदा. दोन हिवाळ्यांत त्याच्या नळ्या तडकल्या. तेव्हा ती म्हणाली होती, "बरं झालं. माझा हात तरी थंडीत तडकत न्हाई."

सातव्या गाईशी तिची मूठ चांगली तापायची. नवव्या गाईशी पंजा असा भरून यायचा, की बोटातली अंगठी फिरायची बंद. सत्तेचाळीस वर्षांची ही बाई दूध गाळून, किटल्या गाडीत घालून खाली गावात जायची, डेअरीवर दूध घालायची आणि तिथून सरळ सांस्कृतिक भवनाच्या तळघरात उतरायची. तिथं नेमबाजीचा क्लब होता. दहा मीटरची लांबी, चार टेबलं, एक शेगडी, आणि राशाकाका.

राशाकाका म्हणजे कुलपं दुरुस्त करणारा माणूस, आता निवृत्त. चौदा वर्षांपूर्वी ती त्याला चीज पोचवायला तळघरात उतरली होती. त्यानं गमतीनं तिच्या हातात हवेचं पिस्तूल दिलं. पाच छर्रे, पाचही निशाणाच्या काळ्या गोलात. काकानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "चीज ठेव तिकडं. पुन्हा एकदा मार."

शिकवण त्याची सोपी, पण पाळायला महाकठीण. एका हातानं धरायचं, दुसरा हात पट्ट्यात अडकवायचा. नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच, दोन्ही डोळ्यांत चाकूसारख्या धारदार दिसल्या पाहिजेत. पलीकडचा काळा गोल धुरकट झाला तर होऊ दे. "काळ्याकडं बघशील तर काळंच होईल," काका म्हणायचा. चाप ओढायचा नाही, दाबत न्यायचा, आणि तो कधी सुटला ते आपल्यालाही कळू नये. सुटल्यावरही हात तसाच ठेवायचा, मनात दोन मोजेपर्यंत. धारेला चारही बोटं लागतात, इथं एकच बोट चालायचं. बाकीच्या तिघांनी पाहुण्यासारखं गप्प बसायचं.

पिस्तुलाची मूठही काकानंच घडवलेली. अक्रोडाचं लाकूड, त्यावर लुकण, मग तिचा पंजा दाबून घेऊन कानसकाम. एक अख्खा हिवाळा गेला त्यात. तळहाताखालची पट्टी अशी बसली, की बोटांच्या खळग्यांत वाराही शिरू नये.

तळघरात स्तामेंका पाचशे सत्तर, पाचशे बहात्तर सहज मारायची. साठ छर्रे, सहाशेपैकी. आणि राजधानीत, बेलग्रेडला, निवड चाचणीत? चार वर्षं, चार वेळा, पाचशे साठच्या आतच. नोटीस बोर्डावर दरवर्षी तेच लिहिलेलं असायचं: पाचशे पासष्ट करील त्या बाईची देशाच्या संघात जागा पक्की. दरवर्षी तिचे छर्रे डावीकडं खाली उतरायचे, आणि निवड समितीचा बोगदान लालिच दरवर्षी तेच बोलायचा.

"स्तामेंकाबाई, हात चांगला आहे हो तुमचा. पण शहर बघितलं की छाती धडधडते. खेड्यातल्या माणसाचं असंच असतं. नसा कच्च्या!"

ती ऐकून घ्यायची. चार वेळा ऐकल्यावर तिलाही ते खरं वाटू लागलं होतं.

मग या वर्षी जानेवारीत ती वुकोमानच्या मानलेल्या भावाकडं त्याच्या कुलदेवाच्या सणाला गेली. तिकडं पाहुण्यानं उष्टा चमचा उचलून ठेवला तरी यजमानाचा अपमान. दोन दिवस नुसतं खाणं, राकियाची कडक दारू आणि गप्पा. घरी तिची जाऊ धारा काढत होती. तिसऱ्या दिवशी ती बसनं थेट तळघरातच उतरली आणि दहा छर्रे मारले. डावीकडं, खाली. हुबेहूब बेलग्रेडसारखे.

"अगं बया! आता इथं कुठलं शहर आलं?" ती म्हणाली.

राशाकाका जवळ आला. त्यानं तिचा पंजा आणि पिस्तुलाची मूठ यांच्यामध्ये वहीचा कागद सरकवला. कागद सुळ्ळकन आत गेला. काका मटकन शेगडीजवळच्या खुर्चीत बसला.

"स्तामेंका, मी गाढव आहे."

"ते ठावं हाय मला. पण का?"

"मूठ बनवताना तू रोज धारा काढून यायचीस. भरलेल्या हाताची मूठ बनवली मी. बेलग्रेडला तुला आदल्या दिवशी हॉटेलात ठेवतात, गादीवर झोपवतात, हाताला विश्रांती देतात. भरलेला हात उतरतो आणि मूठ सैल पडते. बाई गं, चार वर्षं तू दुसऱ्याच्या बुटात पळालीस!"

स्तामेंकानं तो कागद उपसून काढला. मग हसली, पण डोळ्यांत आग होती. "म्हणजे नसा कच्च्या न्हाईत माझ्या!"

"नवी मूठ करू. विश्रांतीच्या हाताची. दोन महिने लागतील."

"चाचणी सहा आठवड्यांवर आली. आणि विश्रांतीचा हात कुणाचा? माझा न्हाई. माझा हात ह्यो असा हाय. मी बेलग्रेडला धारा काढून उभी राहीन."

"बेलग्रेडला गाई कुठल्या?"

"तुमची भन कुठं ऱ्हाते?"

काकाची बहीण देसाताई शहराच्या कडेला, जिथं शेवटची बस वळते तिथं राहायची. सत्तरीची, सहा गाई, आणि यंत्राचा तिलाही राग. फोनवर सगळं ऐकून ती म्हणाली, "सकाळच्या धारा काढ, बाई, खुशाल काढ. पण माझ्या गाई फुकट उसन्या मिळायच्या नाहीत. संध्याकाळच्याही तूच काढायच्या."

चाचणीच्या दिवशी बेलग्रेडवर कोशावा वारा सुटला होता. तो वारा हाडातलीही ऊब काढून नेतो. पहाटे पाचला स्तामेंका रबरी बूट घालून हॉटेलच्या दारातून बाहेर पडत होती, तेवढ्यात बोगदान लालिच कॉफीचा पेला घेऊन समोर आला.

"कुठं निघालात?"

"धारा काढायला."

त्याला वाटलं, बाई चेष्टा करते. चेष्टा नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा लांबला. "खेळाडूनं न्याहारीपर्यंत हॉटेल सोडायचं नाही, हा शिस्तीचा भाग आहे. बाहेर गेलात तर मला नाव खोडावं लागेल."

"बोर्डावर काय लिवलंय, साहेब? पाचशे पासष्ट करील तिची जागा पक्की. ती कुठं झोपली, कवा उठली, ह्ये काय तिथं लिवलेलं न्हाई. नाव खोडायचंच तर साठावा छर्रा झाल्यावर खोडा. तवर पेन्सिल खिशात ठेवा."

बाहेर राशाकाका जुन्या गाडीत बसला होता. त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि गाडी सुरू केली.

देसाताईच्या सहा गाईंनी काही नऊ गाईंचं काम होईना. हात भरत आला, पण अंगठी अजून फिरत होती. म्हणून स्तामेंकानं शेजारच्याच्या दोन म्हशींच्याही धारा काढल्या. पावणेआठला अंगठी रुतली. देसाताईनं उभ्या उभ्याच गरम पावात मिठाची साय कोंबून तिच्या तोंडात दिली. "शेणाचा वास येतोय तुला," ती म्हणाली. "धुऊ नकोस. बाकीच्या पोरी लांब उभ्या राहतील."

तपासणीच्या टेबलावर पंचानं पिस्तूल ठरल्या मापाच्या पेटीत ठेवून पाहिलं, चापाला अर्ध्या किलोचं वजन लटकवून उचललं, मूठ मनगटाला टेकत नाही ना ते पाहिलं. सगळं बरोबर. फक्त नाक आवळून म्हणाला, "बाई, गोठ्यातून आलात काय?"

"मग काय देवळातनं?"

राशाकाका तिच्या कानाशी आला. "ऐक. साठ छर्र्यांना सव्वा तास आहे. पण तुझा हात तासाभरात उतरायला लागेल. बाकीच्या बसतील, पाणी पितील. तू बसू नकोस."

नऊला सुरुवात झाली. स्तामेंकानं पिस्तूल उचललं, आणि तिला पहिल्यांदाच बेलग्रेडमध्ये आपलं घर सापडलं. मूठ पंजाला भिडली होती. माशी खाचेत स्थिर, काळं धुरकट. पहिले दहा, पंच्याण्णव. दुसरे दहा, शहाण्णव. शेजारची तरुण पोरगी प्रत्येक छर्र्यानंतर डोळे मिटून श्वास मोजत होती. स्तामेंकाचा हात मात्र विहिरीच्या पोहऱ्यासारखा वर-खाली चालला होता. तिसरे पंच्याण्णव. मागं प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. चौथे चौऱ्याण्णव. पाचवे त्र्याण्णव. पाटीवरचे आकडे राशाकाकाला नीट दिसेनात, म्हणून तो शेजाऱ्याला विचारत होता, आणि प्रत्येक उत्तरावर त्याचा घाम वाढत होता.

शेवटच्या दहांत ब्याण्णव हवे होते.

पण हात उतरायला लागला होता. आधी करंगळीशी फट जाणवली, मग तळहाताखाली. एक आठ पडला, डावीकडं खाली. त्याची तिला जुनी ओळख होती. नऊ छर्र्यांत त्र्याऐंशी झाले. राहिला एक, आणि नऊ हवे होते. तिनं पिस्तूल उचललं, पण माशी डोळ्यांपुढं पोहायला लागली. तिनं न मारताच हात खाली घेतला. पुन्हा उचललं. पुन्हा खाली. मागून बोगदान लालिच हळूच, पण ऐकू जाईल असं बोलला, "बघा. नसा कच्च्याच."

स्तामेंकानं पिस्तूल टेबलावर ठेवलं. दोन पावलं मागं आली. पाय फाकवून थोडी वाकली, आणि सगळ्यांसमोर हवेतच धार काढायला लागली. तर्जनीपासून करंगळीपर्यंत एकेक बोट आवळायचं, सोडायचं, आवळायचं. समोर गाय नाही, बादली नाही. प्रेक्षकांत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, मग सगळा हॉल. शेजारची पोरगी श्वास मोजायचं विसरली.

"काय चाललंय हे?" बोगदान म्हणाला.

स्तामेंकानं मान वळवली नाही. "हसू द्या त्यांना. वेळ हाय माझ्याकडं अजून अर्धा तास," ती टेबलालाच सांगितल्यागत म्हणाली. "आधी गाय पान्हावू द्या."

तिनं शंभर मुठी मोजल्या. मग आणखी पन्नास. हसू आपोआप विझलं; इतका वेळ कुणाला हसता येतं? अंगठी बोटात रुतल्यावर तिनं पँटला तळवा पुसला आणि पिस्तूल उचललं. फट नव्हती. माशी खाचेत आली, काळं धुरकट झालं, आणि चाप कधी सुटला ते तिला कळलं नाही. हात तसाच ठेवून तिनं मनात दोन मोजले.

नऊ.

पाचशे पासष्ट. एक कमी नाही, एक जास्त नाही.

राशाकाका रडत होता आणि चष्मा शोधत होता. चष्मा त्याच्या नाकावरच होता. बोगदान लालिच पुढं आला. त्यानं हात पुढं केला, मग तिच्या हाताचा वास आठवून थोडा मागं घेतला, आणि पुन्हा पुढं केला. स्तामेंकानं तो असा दाबला, की त्याच्या तोंडून "आई गं" निघालं.

"अभिनंदन," तो म्हणाला. "आता पंधरा दिवसांचं शिबिर आहे. हॉटेल उत्तम आहे, पूर्ण विश्रांती..."

"हॉटेल नगं. गोठा जवळ हाय अशी खोली बघा. आठ-नऊ गाई तरी पायजेत."

"असं संघात कधी झालेलं नाही, बाई."

"आता हुईल. आणि नसांचं काय म्हणत हुता तुमी मघाशी?"

त्यानं खिशातली पेन्सिल काढली. मग वही काढून त्यात काहीतरी लिहिलं. राशाकाकानं वाकून पाहिलं. लिहिलं होतं: 'गाई. चौकशी करणे.'

दुपारी वुकोमानला फोन लावला. तो म्हणाला, "इकडं चितळी गाईला माझ्या हातची धार चालत नाही. लाथ मारली रांडेनं. कधी येतीस?"

"उद्या सकाळी. तिला तंबाखूच्या हातानं शिवू नगा, आधी धुवा."

संध्याकाळी साडेपाचला कोशावा आणखी वाढला. देसाताईच्या गोठ्याचं दार वाऱ्यानं आपटत होतं. स्तामेंकानं ते आतून दोरीनं बांधलं. राशाकाका पेंढ्यावर बसून राकियाच्या बाटलीचं बूच काढत होता. देसाताईनं कंदील टांगला, रिकामी बादली पुढं ढकलली आणि म्हणाली, "पाचशे पासष्ट राहू दे बाजूला. सहा बाकी आहेत."

स्तामेंकानं स्टूल ओढलं, पहिल्या गाईच्या कुशीला कपाळ टेकवलं आणि बादली गुडघ्यांत धरली.