पंचनाम्याच्या आधी म्या त्याले धुतलं

आमचा बुडा गेला त्या दिवशी माहा उपास होता. हे पहिलेच सांगून ठेवते, काहून का पुढचं सारं तिथंच अडलं.

मौद्याच्या पुढं आमचं गाव. लेकरूबाळ झालं नाही, घरात आम्ही नवरा-बायको दोघंच. थंडीचे दिवस होते. शेजाऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, पोपटाच्या म्हंजे वालाच्या शेंगा लागल्या होत्या, त्या तोडून म्या भाजी केली. बुड्यानं दोन भाकरी खाल्ल्या अन् जरा पडतो म्हने. मी गोवऱ्या थापाले गेली. वापस आली तं तो बाजीवर पडलेला. तोंडातून उलटी आली होती, अंगावर, गोधडीवर, खाली जमिनीवर. हात लावला. अंग कोमट होतं, पन मानूस गेला होता.

आता लोकं येतील अन् त्याले असा पाहातील, हेच माह्या डोक्यात आलं. धोतरावर डाग पडला तं बाजारात न जानारा मानूस तो. आमच्यात मेलेल्याले चार जनं मिळून अंगनात आंघोळ घालतात. म्या कोनाची वाट पायली नाही. तोंड पुसलं, अंग धुतलं, धुतलेलं धोतर नेसवलं. गोधडी साबनात भिजवली. जमीन शेनानं सारवली. ताट, गंज घासून पालथे घातले. उरलेली भाजी उकिरड्यावर टाकली. मंग बाहेर येऊन आवाज देला.

ननंद खापरखेड्याहून आली. बुड्याची ही एकच बहीन, त्याच्याहून दहा वर्षानं लहान. रडता रडता ती जमिनीवर बसाले गेली अन् तिचा हात सारवनात बरबटला. हात पाहात राहिली.

"वहिनी, सकाळी माह्यासंग फोनवर चांगला हसून बोलला तो. खाल्लं काय त्यानं?"

शेंगाची भाजी अन् भाकर, म्हटलं.

"अन् तू काय खाल्लं?"

माहा उपास होता, म्हटलं.

ती उठून उभी राहिली. "पोलीस आल्याबिगर माह्या भावाले कोनी उचलायचं नाही."

साऱ्या बायका माह्याकडे पाहू लागल्या. मले तिचा राग नाही आला. उलटी पायल्याबरोबर माह्या बी मनात शेंगाच आल्या होत्या. दोन-तीन दिवस पहिले शेजारी पाठीवर पंप घेऊन वावरात औषध फवारून राहिला होता. धुऱ्याकडं फवारलं का नाही, हे म्या विचारलं नव्हतं. शेंगा धुतल्या होत्या, पन एकाच पान्यानं.

जमादार आला. गावातले दोन पंच उभे केले अन् पंचनामा लिहाले बसला. डोये उघडे का बंद, ओठाचा रंग काय, नखं कशी, अंगावर मार आहे का, सारं लिहिलं. मंग एकएक मागू लागला. गोधडी? बादलीत. उलटी? पुसली. भाजी? उकिरड्यावर. तिथं गेला तं कुत्र्यायनं चाटून साफ केली होती. त्यानं कुत्रे मोजले. चार होते, चारही जिते. पन कोन्या कुत्र्यानं खाल्ली, हे कुत्रे थोडी सांगतात.

"आजी, तुम्ही तर सगळं धुऊन टाकलं," तो म्हने. एवढंच म्हने, पन आंगनात साऱ्याईनं आयकलं.

दुसऱ्या दिवशी नागपूरले मोठ्या दवाखान्यात पोस्टमार्टम झालं. मी बाहेर पायरीवर बसली होती. कापनारी डॉक्टर पोरगीच होती, मले नात असती तं तिच्या वयाची म्हना. बाहेर आली, माह्याजवळ बसली. छातीत दुखायचं का, घाम यायचा का, दारू प्यायचा का, विचारलं. मंग समजावून सांगतलं. नुसतं पाहून विष आहे का नाही हे नक्की सांगता येत नाही. म्हनून पोटातलं थोडं, लिव्हरचा तुकडा, असं बरन्यायमंदी भरून सील लावून तपासाले पाठवते. हार्ट अलग पाठवते. रिपोर्ट येईपर्यंत कागदावर मरनाचं कारन लिहित नाही, राखून ठेवते.

"आजी, पुढं कोणाच्या घरी असं झालं तर धुवू नका म्हणून सांगा. उलटी, कपडे, सगळं आमच्या कामाचं असतं."

हो म्हटलं. माह्या घरी आता कोन मरायचं राहिलं होतं.

बुडा अर्धा बरन्यायमंदी अन् बाकीचा घाटावर. असाच जाळला त्याले.

तेरवीले मांडव घातला, पंगत बसली नाही. कोनी म्हने पोट बरं नाही, कोनी म्हने बस निघून जाईल. अन्न गायीले घातलं. त्याच्यानंतर दारात कोनी येईना. हापशीवर मी गेली का बायका पान्याचा गुंड अर्धाच भरून निघत. कोनी काही बोललं नाही. बोललं असतं तं बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं.

एक दिवस हिंमत करून शेजाऱ्याले विचारलं, का गा, धुऱ्याकडं फवारलं होतं का तू? त्याचं तोंड पांढरं पडलं. "मी यंदा फवारलंच नाही, काकू," म्हने. म्या तं त्याले पंपासंग पायलं होतं. त्याले बी वाटलं असंन, म्हातारी मले गुंतवते. तवापासून तो बी बोलेना.

मंग मी अन् माह्या डोक्यातल्या शेंगा. सैपाक करताना, भांडे घासताना तेच. तो खाऊन म्हनला काय होता? भाजी कडू लागली म्हनला होता का? नव्हता म्हनला. का म्हनला होता अन् मी इसरली? महिन्याच्या महिन्याले बसनं ठान्यात जात होती. "आला की फोन करतो, आजी," जमादार म्हने. बुड्याचा फोन मी रोज चार्जिंगले लावे. मले त्याच्यातून लावता येत नाही, आला तं उचलता येते.

आंबे संपत आले तवा फोन आला. जमादारानं वाचून दाखवलं. विष कोनतंच नाही निघालं. हार्टची नळी बंद झाली होती. नैसर्गिक मरन. मर्ग, म्हंजे मरनाची चौकशी, बंद, इथं सही करा. मी दुसरीपर्यंत शिकली, सही केली. झेरॉक्स घेतली अन् तशीच खापरखेड्याची बस धरली.

ननंदेनं कागद नातवाकडून वाचून घेतला. कागदाची घडी घालून माह्या हातात देली. मंग म्हने, "वहिनी, त्या दिवशी मी लय वाईट वागली तुह्यासंग."

"तू पोलीस बोलावले ते बरं केलं, बाई," म्या म्हटलं. "तसाच जाळला असता तं मी मरेपर्यंत हेच धरून बसली असती, का माह्या हातची भाजी खाऊन गेला."

तिनं वर पायलं. "म्हंजे तुले बी तसंच वाटत होतं?"

"मले बी."

"कोनाले सांगतलं नाही?"

"कोनाले सांगू?"

तिनं माहा हात धरला. राहून जा म्हने. घरी बकरी बांधली होती, म्हनून निघाली.

बसमंदी खिडकीजवळ बसली. इतके महिने तो कसा गेला हेच डोक्यात होतं. तो गेला, याचं रडायले मले सवडच मिळाली नव्हती. कंडक्टर आला, कुठं जायचं म्हने. म्या गावाचं नाव घेतलं अन् पदर तोंडाले लावला. तो दुसऱ्या शीटवर गेला, वापस आला, तरी माहं रडनं चालूच होतं. त्यानं तिकीट माह्या मांडीवर ठेवलं अन् पुढं गेला.