खडूचा मासा

"ताई, इथे तर काहीच दिसत नाही!" विद्यापीठाची मुलं कुरकुरली. भर दुपारच्या उन्हात कातळशिल्प खरंच दिसेना. मग मी ते अंदाजाने खडूने गिरवलं. किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांना पत्रकांतून झोडपणारी मीच! मुलांनी वहीत लिहिलं: मासा.

जमिनीचे मालक तात्या म्हणाले, "ऊन कलेपर्यंत थांबा, आपसूक दिसेल."

"तात्या, बस थांबायची नाही," मी फटकारलं.

मुलं गेली. खडू पुसायला मी मागे राहिले. ऊन तिरपं झालं, कोरलेल्या रेघांत सावली भरली. मासा नव्हताच, पंख मिटलेला पक्षी होता. दगडाने इतकी शतकं वाट पाहिली, मला दोन तास थांबता आलं नाही.

तात्यांनी पाण्याची कळशी पुढे केली. मी कातळ धुतला. वह्यांमध्ये मासा तसाच आहे.