न रडता म्हणायचं मंगलाष्टक

वाईच्या एसटी स्टँडवर माझ्या हातात पिशवी देताना हे म्हणाले, "आता इथे तरी रडू नकोस. चार दिवसांनी परतच यायचं आहे." मी रडत नव्हते. समोरच्या बाकावर एक आजोबा आपल्या बायकोच्या चपलेचा तुटलेला अंगठा सुईदोऱ्याने शिवून देत होते, ते पाहून डोळे जरा भरले होते, इतकंच.

माझं हे असंच आहे. लग्नात सगळेच रडतात, पण मला शाळेची मुलं पावलं जुळवून चालताना दिसली तरी हुंदका येतो. माहेरी मला 'गळका नळ' म्हणतात. आणि या वेळी नळ गळून चालणार नव्हतं. कवठे महांकाळला माझ्या दादाची धाकटी मुलगी पल्लवी, तिचं लग्न होतं आणि मंगलाष्टक मी म्हणायचं होतं. पल्लवी कॉलेजची तीन वर्षं आमच्याकडे वाईला राहिली होती, त्यामुळे मान माझाच. पण तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात मी दुसऱ्याच ओळीला अशी काही रडले होते की भटजींनी बिचाऱ्यांनी स्वतःच उरकून घेतलं.

म्हणून वहिनीचा फोन आला होता. "आवं वन्सं, ह्या बारीला मोबाईलात भरून आणा. आमी सांडगी आवाजात लावू."

(सांडगी आवाज म्हणजे काय ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मोठा असणार.)

वहिनी म्हणजे माझं उलटं टोक. तिच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलेलं नाही. पल्लवीला पहिल्यांदा वाईला सोडायला आली, तेव्हा "अभ्यास कर" एवढंच म्हणाली आणि वळून न बघता स्टँडकडे चालू लागली. दारात रडलो ते मी आणि पल्लवी.

तर मी मंगलाष्टक भरून घेतलं. माजघरात बसून म्हणायला गेले की गळा दाटायचा. शेवटी स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता म्हटलं, तेव्हा कुठे कोरड्या आवाजात पार पडलं. मध्येच आमचा कुकर वाजला. त्या कुकरची शिट्टी भारी खट्याळ आहे. आधी कुरकुरते, मग दम लागल्यासारखी थांबते आणि अचानक किंचाळते. तीन वर्षं पल्लवी रोज पांघरुणातून ओरडायची, "आत्या, ती शिट्टी बदल गं!" पण पुन्हा म्हटलं तर पुन्हा रडले असते, म्हणून शिट्टीसकट राहू दिलं. तिकडे लक्ष कोण देतंय! शिवाय मनातून मला ते समोर उभं राहूनच म्हणायचं होतं.

साताऱ्याला गाडी बदलली. सांगलीच्या गाडीत खिडकी मिळाली आणि मी पुटपुटत सराव सुरू केला. "वाईला शिकली, घरात रमली, झाली घरा लाडकी..." काव्य म्हणून यथातथाच, पण 'रमली'पाशी माझा आवाज फाटायचाच. कंडक्टर तिकीट द्यायला आले, तर माझा पदर डोळ्याला.

"ताई, काय झालं? पाकीट मारलं का कुणी?"

मी खरं ते सांगितलं. चांगले मिशीवाले, फौजेतून निवृत्त होऊन एसटीत आलेले गृहस्थ. हसतील असं वाटलं. ते शेजारच्या रिकाम्या सीटच्या दांड्याला टेकले.

"मी बॉर्डरवर ड्यूटी केली, ताई. टिपूस न्हाई आलं. पण जूनमधी एकादी बारकी पोरगी पयल्यांदाच एकटी गाडीत चढती, आन् मी इचारायच्या आदीच छाती काडून वरडती, 'पास!' तवा मला तोंड फिरवावं लागतंय बघा."

एवढं सांगून त्यांनी खरंच तोंड फिरवलं आणि मागच्या माणसावर विनाकारण खेकसले. कराड येईपर्यंत मी खुशीत होते.

सांगलीला पुढच्या गाडीला अवकाश होता. पुलावरून कृष्णा दिसली. सकाळी वाईच्या घाटाशी जिला नमस्कार केला तीच ही, पण इथे चांगली अंगाने भरलेली. माहेरच्या मुलीने सासरी सुखात असावं तशी. पेठेत भडंग (तिखट, लसणाचे मुरमुरे) घेतलं, पहिल्याच घासाला घळाघळा पाणी आलं आणि आज प्रथमच माझ्या रडण्याला सबळ कारण मिळालं. तिथेच भांड्यांच्या दुकानात कुकरची नवी शिट्टी दिसली. पल्लवीच्या तीन वर्षांच्या तक्रारीचा निकाल आता तरी लावावा, म्हणून घेऊन टाकली.

कवठे महांकाळला पोचेतो ऊन कललं होतं. दादाची द्राक्षबाग मळ्यात, शेजारी बेदाण्याचं शेड, आणि या वर्षी पलीकडच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवलेली. खतासाठी रानात कळप बसवायचा, ही इकडची जुनी रीत. पल्लवीच्या हातांवर मेंदी होती, तिने कोपरांनीच मला मिठी मारली. मग वहिनी मला मेंढरं दाखवायला घेऊन गेली.

दिवसभर चरायला गेलेल्या मेंढ्या परतत होत्या. कोकरं वाघरीत (जाळीच्या कुंपणात) कोंडलेली. धनगरणीने जाळी उचलली मात्र, सगळी कोकरं एकदम धावत सुटली. नुसता बें बें कल्लोळ. मला वाटलं, आता हा गोंधळ काही निस्तरत नाही. पण बघता बघता प्रत्येक कोकरू आपापल्या आईला लुचत होतं आणि रान शांत झालं.

"कसं ओळखतात हो?" मी विचारलं.

"आवाजावरनं की," धनगरीण म्हणाली. "शंभर आया वरडू द्यात, त्येला आपलीच ऐकू येती."

झालं. नळ सुटला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि निकाल दिला. "वन्सं, मेंढरं बघून ही तऱ्हा, तर उद्या काय करताय? उद्या मोबाईलच लागल."

माझं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी मांडवात अंतरपाट धरला. एका बाजूला नवरदेव घामाने डबडबलेले, दुसऱ्या बाजूला खाली मान घालून पल्लवी. माझा मोबाईल माईकवाल्याच्या हाती. मी मुकाट अक्षता धरून उभी. भोंग्यातून माझा आवाज आला आणि सांगते, बरा आला. "वाईला शिकली, घरात रमली, झाली घरा लाडकी..."

आणि मागून कुकर कुरकुरला. थांबला. मग असा किंचाळला की मांडवातली पोरंसोरं दचकली.

"डाळ शिजली वो!" वऱ्हाडातून कुणीतरी ओरडलं आणि अख्खा मांडव हसायला लागला. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. वहिनी माझ्याकडे रागाने बघत होती, पण मग तिची नजर पल्लवीकडे गेली आणि तिथेच थांबली. पल्लवी रडत होती. आधी हसली, हसता हसता तोंड वेडंवाकडं झालं आणि मग मेंदीच्या हातांनी मुंडावळ्या बाजूला करून लहान मुलीसारखी रडायला लागली. "आत्या," ती मोठ्यांदा म्हणाली, "तीच शिट्टी गं!"

माईकवाल्याने गडबडून मोबाईल बंद केला. भटजी थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी पुढे झाले आणि माईक घेतला. मला वाटलं होतं गळा दाटेल. पण त्या शिट्टीने मला इतकं हसू येत होतं की रडायला जागाच उरली नव्हती. उरलेल्या ओळी मी खणखणीत म्हटल्या, थेट "कुर्यात् सदा मंगलम्" पर्यंत. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि मी दादाला विचारून खात्री करून घेतली की मी खरंच रडले नव्हते.

परत निघताना वहिनी मला स्टँडवर सोडायला आली. गाडीला वेळ होता. जरा वेळाने ती म्हणाली, "वन्सं, मोबाईल काडा. ते लावा."

"मंगलाष्टक?"

"गाणं नगं. शिट्टी तेवडी."

मी लावली. तिने मोबाईल कानाशी धरला. कुरकुर, थांबणं, किंचाळणं. पुन्हा लावायला सांगितली. आणि मग स्टँडवरच्या गर्दीत, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी, माझी दगडासारखी वहिनी हमसून हमसून रडायला लागली.

"एवडीशी पोर तुमच्या दारात टाकून आले. मागं वळून बगितलं असतं तर परत घेऊन आले असते. फोनवर इचारलं की म्हणायची, 'बरं हाय, आई.' बरं हाय म्हंजी काय, वन्सं? तीन वरसं मला कळलं न्हाई, पोरगी तितं सुखात हाय का न्हाई. काल त्या शिट्टीला रडली, तवा कळलं."

"अहो वहिनी, मी मंगलाष्टकात म्हटलंच आहे की, 'घरात रमली'."

"गाण्यात काय, कायबी जुळवत्यात," ती नाक पुसत म्हणाली. "त्या शिट्टीला खोटं बोलाया येतंय व्हय?"

मी तिला माझा पदर दिला. माझे डोळे कोरडे होते, आणि मला फार आनंद झाला होता. गाडी आली तेव्हा ती हसत होती आणि या वेळी गाडी वळेपर्यंत बघत उभी राहिली.

वाईला आल्यावर यांनी पिशवीतून नवी शिट्टी काढली. "छान आहे. बसवू का?"

"हात लावाल तर खबरदार," मी म्हटलं.

ती अजून फडताळात तशीच पडून आहे. दिवाळीला पल्लवी जावयांना घेऊन येणार आहे. तिला सकाळी जाग कशाने येणार?