कपाशीची विरळणी

कपाशी टोकताना एका जागी सरकीचे दोन दाणे टाकतात. एक रुजला नाही तर दुसरा असावा, म्हणून. दोन्ही रुजले की एक रोप उपटायचं. याला विरळणी म्हणतात.

माझी थोरली बहीण सुलूताई ओळीत उकिडवी बसून तेच करत होती. राहणाऱ्या रोपाच्या बुडाशी दोन बोटं दाबायची आणि शेजारचं ओढून काढायचं. मी बांधावर उभा होतो. दोन्ही रोपं मला सारखीच टवटवीत दिसत होती.

"कोणतं काढायचं हे कसं ठरवतेस?"

"दोन्ही चांगली असली की ठरवायचं काय? हाताजवळचं काढायचं."

"मग ते दुसरीकडे लाव ना."

"उपटलेली कपाशी लागत नाही."

कीड लागलेलं रोप काढायला निदान कारण असतं. इथे काढलेल्याचा दोष एवढाच, की तेही उगवलं. आणि उरलेल्याला पुढे सगळे जोमदार म्हणतात.

वडिलांनी ताईला सातवीतून काढलं, तेव्हा ती वर्गात पहिली होती. मीही माझ्या वर्गात पहिलाच होतो.

उपटलेली रोपं सरीत अजून हिरवीच पडली होती. त्यांच्यावर पाय देत ती माझ्याजवळ आली.

"सावलीत जा," म्हणाली. "तुला उन्हाची सवय नाही."